नवी गाडी आणि घाटाची उतरण



हंगामाचे पैसे हातात आले की पूर्वी घरात काय यायचे? एखादी बैलजोडी यायची, विहिरीवर इंजिन बसायचे, फार झाले तर फटफटी यायची. आता दिवस पालटले. कुणाचा ऊस वेळेवर गेला, कुणाची द्राक्षे चांगल्या भावाने गेली, कुणाची जमीन महामार्गात जाऊन मोबदला आला, की अंगणात चारचाकी उभी राहते. उभी राहू द्या. कष्टाच्या पैशाची वस्तू आहे, तिचा आनंद मानलाच पाहिजे. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, समोर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि गाडीभोवती नाचणारी पोरे पाहिली की गावोगाव हिंडणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही बरे वाटते.

पूजा झाली की आठवड्याभरात बेत ठरतो. देशावरचा माणूस म्हणतो, गणपतीपुळ्याला जाऊन येऊ, समुद्र पाहू. कोकणातला म्हणतो, पंढरपूर करू, येताना जोतिबा करू. कुठूनही निघा, मध्ये सह्याद्री आडवा आहे. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, वरंधा, माळशेज, कसारा, यांपैकी एखादा घाट ओलांडल्यावाचून इकडचा माणूस तिकडे जात नाही.

या पानावर एरवी आपण खते, बियाणे, रोग-किडी यांविषयी बोलतो. आज घाटाविषयी बोलायचे आहे. कारण सरळ आहे. पीक बुडाले तर पुढच्या हंगामाला उभे राहता येते. गाडीत बसलेली माणसे पुन्हा पेरता येत नाहीत.

जोर आणि आवर

घरातल्या तरुण मंडळींना गाडीचा जोर आवडतो. त्यात नवल काही नाही. नवे खोंड जुवाला लावले की तेही उधळायला बघते. गाडी घेताना मुलाचा पहिला प्रश्न असतो, हॉर्सपॉवर किती? आता आपला मध्यम ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा. साधी छोटी मोटार ८० ते ९० अश्वशक्तीची. आणि मुले मोबाइलवर ज्या स्पोर्ट्स गाड्या डोळे मोठे करून पाहतात, त्यांतल्या पुष्कळशा ३०० अश्वशक्तीच्या पुढच्या. तशी एखादी गाडी आता तालुक्याच्या गावातही दिसू लागली आहे. बसकी, रुंद टायरची, बहुधा दोनच माणसांची. ती घेतली की पहिला फेरफटका घाटात मारायचा, अशी तरुणांची हौस असते.

हौसेला माझी ना नाही. पण थोडा विचार करा. हा जोर घाटात वापरायला जागा कुठे आहे? दर दोनशे-तीनशे पावलांवर वळण. वळणावर गाडीला रस्त्यावर धरून ठेवते ते इंजिन नव्हे, धरून ठेवतात ते चार टायर. आणि एकेक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारी ओढ वेगाबरोबर सरळ वाढत नाही. वेग ताशी ३० किलोमीटरचा ६० झाला, की ती ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. टायर तेच, जमीन तीच, आणि ओढ चौपट. त्यातच कोपऱ्यावर वाळू सांडलेली असली, उसाच्या ट्रॉलीतून गळलेले तेल असले किंवा पहिल्या पावसाचा राडा असला, तर ३०० अश्वशक्ती काय कामाची?

शिवाय अशा बसक्या गाडीचे पोट जमिनीपासून चार-पाच इंचांवर असते. आपल्या नेहमीच्या गाडीचे साडेसहा-सात इंचांवर. घाटातला खड्डा, तुटलेली साइडपट्टी, गावाजवळचा उंच गतिरोधक यांवर ते पोट घासते. खाली इंजिनच्या तेलाची कढई असते. ती फुटली आणि तेल वाहून गेले, तर थोड्याच वेळात लाखो रुपयांचे इंजिन धरून बसते. स्पोर्ट्स गाडीचे ब्रेक मोठे असतात हे खरे. पण मोठे ब्रेक आहेत म्हणून माणूस गाडी जास्त जोरात सोडतो, आणि मोठेपणाचा फायदा तिथेच संपतो.

म्हणून गाडी आठ लाखांची असो की साठ लाखांची, घाटात तिचा जोर पाहू नका, आवर पाहा. चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना चालवणाऱ्याची.

उतरणीचा हिशेब

उतरताना नेमके काय होते ते हिशेबाने पाहू. समजा, गाडी आणि आत बसलेली पाच माणसे मिळून दीड टन वजन आहे, आणि घाट उतरताना ती सहाशे मीटर, म्हणजे सुमारे दोन हजार फूट खाली येते. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी शक्ती मोकळी होते ती कुठेतरी जिरली पाहिजे. तुम्ही सगळा घाट नुसता ब्रेक दाबून उतरलात, तर तिच्यातली बहुतेक सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. ही उष्णता किती? सुमारे २८ लिटर गार पाणी उकळीला आणील इतकी. म्हणजे आंघोळीचे मोठे घंगाळ भरून पाणी उकळायचे, आणि चूल कुठली, तर चाकांतल्या ओंजळभर ब्रेकची!

मग ब्रेक तापणार नाहीत तर काय होईल? पॅड आणि लायनर फार तापले की त्यांची पकड कमी होते. पाय तितकाच दाबतो, गाडी तितकी थांबत नाही. ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतली ओल हळूहळू शोषून घेते. जुन्या, ओल धरलेल्या ऑइलला लवकर उकळी फुटते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक चिखलात पाय जावा तसा खाली जातो. म्हणून हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे. कंपनीच्या पुस्तकात जी मुदत दिली असेल ती पाळावी.

यावर उपाय जुनाच आहे आणि एस.टी.चे चालक तो रोज करतात. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. तीव्र उतारावर दुसरा गिअर, फारच उभा असला तर पहिला. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. बैलगाडी उतरणीला लागली की गाडीवान खाली उतरून कासरा आवळून धरी. तसाच हा इंजिनचा कासरा समजा. मग ब्रेक फक्त वळणापूर्वी लागतो. तो थोडा वेळ नेटाने दाबावा आणि सोडून द्यावा, म्हणजे मधल्या वेळात वाऱ्याने निवतो. पाय ब्रेकवर सतत टेकवून ठेवणे ही सगळ्यांत वाईट सवय.

ज्यांची गाडी आपोआप गिअर बदलणारी आहे त्यांनी वर पोचल्यावरच पुस्तक चाळत बसू नये. खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय तिच्यात कुठे आहे, ते घरी अंगणात शिकून घ्यावे. विजेच्या गाडीत पाय काढला की मोटर उलट वीज तयार करते आणि गाडी आवरते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ती वीज घ्यायला जागा नसते आणि हा आवर कमी पडतो. म्हणून घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर तिथे बॅटरी पूर्ण भरून उतरू नये.

कुंभार्ली घाटात पाहिलेले

हे सगळे पुस्तकी वाटेल म्हणून पाहिलेले सांगतो. कराडच्या बाजूचे एक ओळखीचे बागायतदार. त्यांच्या मुलाने नवी गाडी घेतली, चांगली जोरदार. चिपळूणजवळ परशुरामाचे दर्शन घेऊन पुढे गुहागरला जायचे ठरले. मला तिकडे एका भातशेतीच्या कार्यक्रमाला जायचे होते, म्हणून मीही बसलो. मुलगा चालवायला, मी त्याच्याशेजारी, मागे त्याचे वडील, आई आणि वडिलांची थोरली बहीण.

पाटण गेले, कोयनानगर गेले. घाटमाथ्यावर चहा झाला. निघताना मी म्हटले, "बाळ, आता दुसऱ्या गिअरात उतर." तो हसला. म्हणाला, "काका, ती जुन्या गाड्यांची गोष्ट. ही नवी आहे, ब्रेक लोण्यासारखे लागतात." आणि त्याने गाडी चौथ्यात सोडली. प्रत्येक वळणावर ब्रेक, वळण संपले की पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक.

पाच-सात वळणे झाली आणि मागून आत्याबाई म्हणाल्या, "काहीतरी जळतंय रे!" तोवर मलाही वास आला होता. पंपाची मोटर जळते तेव्हा येतो तसा उग्र. मुलाचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "काका, ब्रेक खाली जातोय." गाडीत एकदम शांतता झाली. त्याच्या आईने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरलेली मला आरशात दिसली.

मी म्हटले, "घाबरू नकोस. ब्रेक दोन-चारदा भराभर दाब. आता तिसरा गिअर. क्लच सोड. आता दुसरा." इंजिन ओरडले, पण गाडी आवरली. पुढे डोंगराच्या अंगाला थोडी रुंद जागा होती, तिथे ती थांबली. इंजिन बंद करून रिव्हर्स गिअर टाकला, पुढच्या चाकांना दगड लावले. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावला, त्याला अडवले. तापलेल्या ब्रेकवर गार पाणी पडले तर तबकडी वाकडी होते, तडकतेसुद्धा. वाऱ्याने निवू द्यायचे, दुसरा उपाय नाही.

पाऊण तास आम्ही कठड्याच्या आत, रस्त्यापासून दूर बसलो. वडील मुलाला एक शब्द बोलले नाहीत. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "बैल दमला की त्याला झाडाखाली बांधतात. तुझी ही दमली म्हणायची. तिला पळवलीस किती!" मुलाने खाली मान घातली. नंतर पोफळीपर्यंतचा सगळा उतार त्याने दुसऱ्या गिअरात काढला. खाली पोचल्यावर म्हणाला, "काका, ब्रेक लागलाच नाही फारसा." वडिलांनी चिपळूणला आधी गॅरेज गाठायला लावले, ब्रेक तपासून घेतले आणि मग देवाला गेले. मला तो क्रम आवडला.

नवी आहे म्हणजे तयार आहे, असे नव्हे

त्या मुलाचे म्हणणे अनेकांचे असते. गाडी नवी, म्हणजे काळजी नको. खरे पाहता अगदी नवी गाडी घाटाला थोडी कच्चीच असते. नव्या टायरच्या वरच्या थराला गुळगुळीतपणा असतो. थोडे अंतर धावून तो गेल्यावर पूर्ण पकड येते. नवे ब्रेक पॅड तबकडीशी घासून नीट बसायला शेदोनशे किलोमीटर जावे लागतात. इंजिनचे आतले भाग एकमेकांशी जुळून यायला साधारण पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवावे. इंजिन फार ओरडवू नये आणि मोठ्या गिअरात कुंथतही ठेवू नये. चालवणारा हात तर त्या गाडीला त्याहूनही नवा असतो. म्हणून पहिले हजार किलोमीटर गाव, तालुका, बाजार असे करावे, पहिली सर्व्हिस करून घ्यावी आणि मग घाटाचा बेत करावा. सून घरात आल्याबरोबर तिच्यावर सगळ्या घराचे ओझे कुणी टाकीत नाही, तिला घर समजू देतात. गाडीचेही तसेच.

निघण्यापूर्वी टायरमधली हवा थंड टायरवर मोजावी. किती असावी ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. माणसे आणि सामान भरून जाताना जास्त हवा सांगितलेली असते, ती पाहावी. स्टेपनीतही हवा आहे ना, जॅक आणि पाना गाडीत आहे ना, वायपर नीट पुसतात ना, हे घरीच पाहावे. विम्याचीही एक गोष्ट ध्यानात असू द्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तिसऱ्या व्यक्तीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. तीन वर्षांचा विमा आहे असे समजून लोक दुसऱ्या वर्षी तो भरत नाहीत आणि मग नुकसान अंगावर येते.

परतीच्या वाटेचेही ध्यान ठेवा. कोकणातून येताना आंब्याच्या पेट्या, फणस, नारळ यांनी गाडी ठासून भरते आणि मे महिन्याच्या उन्हात घाट चढायचा असतो. गाडीच्या टपावर जड ओझे टाकू नये, वळणावर गाडी कलते. चढताना इंजिनच्या उष्णतेचा काटा पाहत राहावे. काटा वर चालला तर ए.सी. बंद करावा आणि बाजूला थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतले उकळते पाणी दाबाने उसळून तोंडावर येते.

काटकसर कुठे करू नये

आपल्या लोकांची एक जुनी समजूत आहे. उताराला गाडी न्यूट्रल केली किंवा इंजिनच बंद केले की तेल वाचते. शेतकरी माणूस, चार पैसे वाचवायला बघणारच. पण ही काटकसर खोटी आहे. आजच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी उताराने चालली, की इंजिनला तेलाचा पुरवठा आपोआप थांबतो. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केले तर मात्र इंजिन चालू राहायला थोडे तेल लागतेच. म्हणजे न्यूट्रलने वाचत काही नाही, उलट जाते.

इंजिन बंद केले तर त्याहून वाईट. ब्रेकला पायाचा जोर वाढवून देणारी सोय आणि स्टिअरिंग हलके करणारी सोय इंजिनच्या किंवा विजेच्या बळावर चालते. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की तो दगडासारखा घट्ट होतो. आणि किल्लीच्या गाडीत किल्ली काढली तर स्टिअरिंग जागच्या जागी अडकते. उतारावर अशी गाडी म्हणजे दावे तुटलेला वळू.

वर येणाऱ्याला वाट

अरुंद घाटात समोरासमोर दोन गाड्या आल्या तर कुणी थांबायचे? यावर पुष्कळ भांडणे होतात. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. डोंगरातल्या किंवा तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन गाड्या मोकळेपणाने जाऊ शकत नसतील, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. वाहतुकीच्या नियमांत हे सांगितलेलेच आहे. त्यामागे व्यवहार आहे. ओझे घेऊन चढणारी गाडी एकदा थांबली की चढावर पुन्हा हलवणे अवघड. ती मागे सरकते आणि मागे दुसरी गाडी असते. उसाने भरलेला ट्रॅक्टर चढावर ज्याने थांबवला आहे त्याला हे सांगायला नको.

वळणावर हॉर्न द्या, आपली बाजू सोडू नका, वळणावर पुढच्या गाडीला मागे टाकू नका. लांबलचक ट्रक आणि एस.टी. यांना वळण घ्यायला दोन्ही बाजू लागतात. त्या वळत असतील तर चार पावले आधीच थांबावे.

पाऊस, धुके आणि दरड

सह्याद्रीतल्या पावसाची कल्पना आपल्याला आहे, तरीही हौस आपल्याला पावसातच घाटात नेते. धबधबे तेव्हाच असतात ना! पण दरडीही तेव्हाच कोसळतात. २०२१ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीने महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट जागोजागी खचला आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. वरंधा घाटातली वाहतूक पावसाळ्यात प्रशासन अनेकदा बंद ठेवते. फवारणी करायची की नाही हे ठरवायला आपण हवामान खात्याचा अंदाज पाहतो. तोच अंदाज घाटात जाण्यापूर्वी पाहावा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकलावा. देव कुठे जात नाही, समुद्रही कुठे जात नाही.

धुक्यात दिवे खालचे लावा. वरचे लावले तर उजेड धुक्यावर आदळून डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, मागच्याला तुम्ही वळणार आहात की थांबला आहात ते कळत नाही. दिसेनासे झाले तर रस्त्यात थांबू नका. रुंद जागा पाहून पूर्ण बाहेर थांबा आणि माणसांना कठड्याजवळ उभे करू नका. वरून बारीक खडे पडू लागले, रस्त्यावर गढूळ पाण्याचा लोट आला, की ती डोंगराची सूचना समजा आणि तिथून निघा.

२८ जुलै २०१८ या दिवशी याच आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. महाबळेश्वरच्या सहलीला निघालेली माणसे. तीस जण गेले, एक जण वाचला. कारणांची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. पण शेतीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा लोकांना पावसाळी सहलीचा बेत ऐकला की तो दिवस अजून आठवतो. बोलण्यात कुठे कडकपणा आला असेल तर त्याचे मूळ तिथे आहे.

झोप आणि घरची माणसे

एक गोष्ट खास शेतकऱ्यांसाठी. शहरातला माणूस रात्री झोपून पहाटे सहलीला निघतो. आपल्याकडे पंपाला वीज अनेकदा रात्री असते. रात्री बारापर्यंत पाणी द्यायचे, पहाटे चारला गाडी काढायची, असा हिशेब मी पाहिला आहे. असे करू नका. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. डुलकी दोन सेकंदांची लागली तर ३४ मीटर गाडी कुणीच चालवत नसते, आणि घाटात ३४ मीटरवर वळण असते. पाण्याची पाळी असेल तर जाणे एक दिवस पुढे घ्या, किंवा ज्याची झोप झाली आहे त्याला चालवू द्या. दारूविषयी वेगळे सांगायला नको. जो चालवणार त्याने आदल्या रात्रीही घेऊ नये.

भगिनींनो, आता तुमच्याशी बोलतो. गाडीत मागे बसलेल्या बाईने "हळू चालव" म्हटले की तिला भित्री म्हणतात. म्हणू द्या. कुंभार्लीत जळका वास पहिल्यांदा आत्याबाईंना आला होता, चालवणाऱ्याला नव्हे. वास आला, भीती वाटली, तर बोला. मागच्या सीटचा पट्टाही लावा, लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. निघण्यापूर्वी मुलांना तेलकट खाऊ घालू नका, वळणांवर मळमळते. थोडे हलके खाणे, जवळ आल्याची वडी, आणि मोबाइलऐवजी खिडकीतून दूरचा डोंगर पाहणे, एवढ्याने पुष्कळ मुलांचे भागते.

आणि चालवणाऱ्या तरुण मित्रांनो, ब्रेक गेलाच तर काय करायचे ते पाठ करून ठेवा. ब्रेक भराभर दाबून पाहा. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो अशा वेळी कसा वापरायचा ते पुस्तकात आधीच वाचून ठेवा. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. आणि काही केल्या आवरेना, तर गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवा, दरीच्या अंगाला जाऊ देऊ नका. पत्रा चेपला तर गॅरेजवाला नीट करून देतो.

गाडी जरूर घ्या, घाटही जरूर पाहा. माथ्यावर थांबून खालची भातखाचरे आणि वरचे कडे घरच्या माणसांना दाखवा. आपला मुलूख किती देखणा आहे ते गाडी थांबवल्यावर जास्त चांगले दिसते. निघताना मात्र पहिल्या वळणाच्या आधी दुसरा गिअर टाका.

पुढल्या खेपेला खरिपाच्या बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासायची ते पाहू. राम राम.